बोअर आणि नळाचं पाणी एकाच हौदात: सँड फिल्टर, कार्बन, सॉफ्टनरची साइझ कशी काढायची? सोलापूर

विजापूररोड_१२फ्लॅट

नमस्कार मंडळी. विजापूर रोडला १२ फ्लॅटची इमारत आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून बोअरचं पाणीही त्याच हौदात सोडतो. हौद २०,००० लिटरचा, गच्चीवरच्या टाक्या मिळून १०,०००. चढवायला २ एचपीचा सेंट्रिफ्यूगल मोनोब्लॉक. गच्चीवर २० लिटरची बादली १५ सेकंदांत भरते.

बोअरचा रिपोर्ट: पीएच ७.६, टीडीएस (विरघळलेले क्षार) ११८०, एकूण हार्डनेस (जडपणा) ६२०, गढूळपणा ८ एनटीयू, लोह ०.२, नायट्रेट ५२. गच्चीच्या टाकीत बोटभर गाळ बसतो, गिझरची कॉइल क्षाराने भरते, शॉवर चोंदतात.

दोन कोटेशनं आली आहेत. पहिलं: १३ इंची एकच भांडं, त्यात खाली वाळू, वर कार्बन, त्यावर रेझिन (जडपणा काढणारे मणी). दुसरं: २८ इंची सँड फिल्टर, २४ इंची कार्बन आणि १०० लिटर रेझिनचा सॉफ्टनर. दर सोडून द्या, तांत्रिकदृष्ट्या कुठलं बरोबर?

पाण्याचा_हिशेब

दोन्ही नाहीत. दोन्ही कोटेशनांत बॅकवॉशचा, म्हणजे उलट्या प्रवाहाने धुण्याचा, आकडा कुठे लिहिलाय का बघा. नसणारच.

आधी पहिलं. गच्चीवर १५ सेकंदांत २० लिटर म्हणजे मिनिटाला ८० लिटर, तासाला ४.८ घनमीटर. १३ इंची भांड्याचं आडवं क्षेत्रफळ ०.०८६ चौरस मीटर. भागाकार केला की वेग येतो तासाला ५६ मीटर. वाळूतून पाणी तासाला १० ते १५ मीटरने जायला हवं. ५६ ने गेलं तर गाळ वाळूत अडकत नाही, आरपार जातो. आणि तीन मीडिया (गाळायची द्रव्यं) एका भांड्यात ठेवणं हे मुळातच चूक आहे. वाळू धुवायला उलटा प्रवाह तासाला साधारण ३५ मीटर लागतो, कार्बनला २० ते २५, रेझिनला १० ते १२. वाळू धुवायला गेलात तर रेझिन पहिल्याच बॅकवॉशला गटारात. रेझिन सांभाळून धुतलंत तर वाळू जागची हलणारसुद्धा नाही.

आता दुसरं. २८ इंचीचं क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर. फिल्टर म्हणून साइझ बरोबर, ४.८ भागिले ०.४ म्हणजे तासाला १२ मीटर. पण धुवायला? धुण्याचा वेग ३६ मीटर धरून ०.४ गुणिले ३६, म्हणजे तासाला १४ घनमीटरच्या वर, मिनिटाला जवळपास २४० लिटर. तुमचा २ एचपीचा पंप जमिनीवर मोकळा सोडला तरी ते देणार नाही. पहिले दोन-तीन महिने झकास चालेल, मग प्रेशर चढत जाईल. वाळूत चिखलाच्या गोळ्या धरतील, पाणी ठरावीक वाटांनीच खाली उतरेल आणि गच्चीत पुन्हा गाळ. लोक म्हणतात वाळू खराब निघाली. वाळू खराब नसते हो, ती कधी धुतलीच गेलेली नसते.

एक काम करा. गच्चीवरची बादली विसरा. पंपाच्या डिलिव्हरीला जमिनीवरच मोकळी नळी काढा आणि तिथे बादली लावा. किती सेकंद?

विजापूररोड_१२फ्लॅट

लावली. १० सेकंद, कधी ११.

पाण्याचा_हिशेब

म्हणजे मिनिटाला ११० ते १२० लिटर. व्हॉल्व्ह आणि भांड्यातला अडथळा धरून १०० लिटर धरू, तासाला ६ घनमीटर. आता उलटा हिशेब: ६ भागिले ३६, बरोबर ०.१६६ चौरस मीटर. एवढ्याच क्षेत्रफळाचं भांडं हा पंप धुऊ शकतो. १६ इंची भांडं ०.१३ चौरस मीटरचं असतं, त्याला मिनिटाला ७८ लिटर पुरतात. ते बसतं.

पण एका १६ इंचीतून तासाला १.७ घनमीटरच गाळून मिळेल. म्हणून १६ बाय ६५ ची (१६ इंच व्यास, ६५ इंच उंची) दोन भांडी समांतर जोडा. दोन्हींतून मिळून तासाला ३.४ घनमीटर, वेग १३ मीटर. धुताना एक बंद ठेवून दुसरं धुवायचं, पूर्ण पंप एकाच भांड्यावर. १२ फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाची गरज ८,१०० लिटर. आत्ता पंप पावणेदोन तास चालत असेल, मग अडीच तास चालेल. विजेत थोडी भर पडेल, पण फिल्टर वर्षानुवर्षं टिकेल.

फिल्टरनंतर एक ग्लोब व्हॉल्व्ह आणि रोटामीटर (प्रवाह दाखवणारं मीटर) बसवा आणि प्रवाह मिनिटाला ५७ लिटरवर आवळून ठेवा. तुमचा मोनोब्लॉक सेंट्रिफ्यूगल आहे म्हणून आवळणं चालतं. घरगुती सेल्फ प्रायमिंग पंप, म्हणजे बंगल्यांत असतो तो छोटा अर्धा-एक एचपीचा, त्याचं डिलिव्हरी आवळलं की लोड उलट वाढतो आणि वाइंडिंग तापतं. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी आवळू नये, टी लावून जादा पाणी बायपासने हौदातच परत सोडावं.

हौद_आणि_गच्ची

मध्येच विचारतो. माझा बंगला आहे, पंप अर्धा एचपी. गच्चीच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनवरच फिल्टर बसवला तर? वजनाने पाणी येतंच की.

पाण्याचा_हिशेब

नको. गच्चीची टाकी बाथरूमच्या नळापेक्षा ३-४ मीटर वर, म्हणजे ०.३ ते ०.४ किलो प्रेशर. स्वच्छ फिल्टरच त्यातला ०.१ ते ०.३ खातो. नळाला धार राहणार नाही आणि तेवढ्या दाबावर बॅकवॉश तर होतच नाही. फिल्टर नेहमी हौदातून गच्चीत चढणाऱ्या लाइनवर, जमिनीवर. धुताना पाणी गच्चीपर्यंत चढवायचं नसतं, गटारापर्यंतच न्यायचं असतं, म्हणून तोच पंप जास्त पाणी देतो. हा फायदा सोडू नका.

बंगल्याला १० इंची, १० बाय ५४ चं भांडं. क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर, बॅकवॉशला मिनिटाला ३० लिटर. तुमच्या पंपाची बादली ४० सेकंदांच्या आत भरली पाहिजे. भरत नसेल तर आधी फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाची झडप) आणि सक्शनची गळती बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

लॅब_ताई

रिपोर्टबद्दल माझं थोडं. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) नुसार एकूण हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा २००, दुसरा स्रोत नसेल तर ६००. तुमचं ६२० त्याच्याही वर. गढूळपणा १, नाइलाजाने ५, तुमचा ८. टीडीएस ५०० आणि २०००, त्यामुळे ११८० पर्यायाअभावी चालण्यासारखा. नायट्रेटला मात्र सवलतच नाही, ४५ म्हणजे ४५. तुमचं ५२ आहे.

नायट्रेट वाळू काढत नाही, कार्बन काढत नाही, साधं सॉफ्टनरचं रेझिनही काढत नाही. उकळून तर ते वाढतंच, कारण पाणी उडून जातं आणि नायट्रेट मागे राहतं. बाटलीतून दूध पिणाऱ्या बाळांना त्याचा खरा धोका. त्यामुळे प्यायला आणि स्वयंपाकाला नळाचं पाणी वेगळं साठवा किंवा प्रत्येक घरात आरओ. फिल्टर बसवला म्हणून बोअरचं पाणी पिण्यायोग्य झालं असं इमारतीतल्या कुणालाही वाटू देऊ नका. पंपाजवळ तसा बोर्डच लावा.

आणखी एक. तुम्ही फक्त बोअरचा नमुना दिलाय. फिल्टरमधून जाणार आहे ते हौदातलं मिश्र पाणी. नळ येऊन गेल्यावर एक आणि पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी एक, असे दोन नमुने द्या. रासायनिक तपासणीला स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून १ लिटर. जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली, ती विसळायची नाही, बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवायची. हार्डनेसचा आकडा या दोन दिवसांत किती बदलतो त्यावर सॉफ्टनरचा अख्खा खर्च अवलंबून आहे.

प्लंबर_अण्णा

भांडं भरायची पद्धत सांगतो, कारण निम्मी भांडी भरतानाच बिघडतात.

मधला रायझर पाइप खालच्या लॅटरलसकट (पाणी गोळा करणाऱ्या फटीच्या काड्या) आत सोडा, तळाच्या खाचेत नीट बसला का ते फिरवून बघा. वरचं टोक भांड्याच्या तोंडाशी समपातळीत कापा आणि कड घासून घ्या. धार राहिली तर व्हॉल्व्हची ओ-रिंग कापते. पाइपाच्या तोंडाला चिकटपट्टी लावा, एक खडा जरी आत गेला तरी तो उद्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. आता भांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरा. कोरड्या भांड्यात वरून गोटे ओतले की लॅटरलच्या काड्या मोडतात आणि ते कळतं थेट महिन्याने, नळातून वाळू यायला लागल्यावर.

१६ बाय ६५ ला खाली ६ ते १० मिमी खडी, त्यावर ३ ते ६ मिमी, दोन्ही मिळून २० सेंमी, साधारण ४० किलो. त्यावर ०.५ ते १ मिमी धुतलेली सिलिका वाळू ७५ सेंमी, ५० किलोच्या तीन गोण्या. वर ६०-७० सेंमी मोकळी जागा राहिलीच पाहिजे. भांडं मोठं दिसतंय म्हणून चौथी गोणी ओतू नका, वाळूला उठायला जागा लागते. नदीची वाळू चालत नाही, तिच्यात माती आणि चुन्याचे कण असतात. खात्री करायची असेल तर मूठभर वाळूवर बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड टाका. फसफसली तर परत पाठवा. हातमोजे घालून आणि उघड्यावर करा हे.

भरून झालं की व्हॉल्व्ह बॅकवॉशवर, पंप हळूहळू सोडा, आतली हवा जाऊ द्या. १५-२० मिनिटं, गटारात येणारं पाणी पांढऱ्या मगात धरून नितळ दिसेपर्यंत. मग रिन्स (सरळ प्रवाहाने गटारात धुणं) ३ मिनिटं, मग फिल्टर.

मल्टिपोर्टची, म्हणजे फिल्टर-बॅकवॉश-रिन्स बदलणाऱ्या व्हॉल्व्हची, मूठ फिरवताना पंप बंद. दर वेळी. चालू पंपावर मूठ फिरवली की आतली चाकासारखी गॅस्केट कापली जाते. मग फिल्टरवर ठेवलेलं असतानाही गटाराच्या नळीतून पाणी गळतं, किंवा गढूळ पाणी थेट गच्चीत जातं. गटाराची नळी थेंब टाकत असेल तर ती गॅस्केट गेली असं समजा.

विजापूररोड_१२फ्लॅट

अण्णा, भांडी पार्किंगच्या बाहेर, दक्षिणेच्या भिंतीला ठेवायचा विचार होता. जागा तीच आहे.

प्लंबर_अण्णा

वर पत्रा टाका, नाहीतर नका ठेवू. एफआरपीच्या (काचेच्या धाग्यांच्या प्लास्टिकच्या) भांड्याची मर्यादा पन्नासेक अंश असते. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४२-४३ ला जाते, भिंतीला टेकलेल्या बंद भांड्यात उभं पाणी सहज त्याच्या जवळ पोचतं. पीव्हीसीचे सांधे त्याआधी सुटतात. उन्हाने भांड्याच्या प्लास्टिकचा थर सोलून काचेचे धागे वर आलेले दिसले तर ते भांडं प्रेशरवर चालवू नये.

आणि गच्चीकडे जाणाऱ्या लाइनवर फिल्टरनंतर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, शिवाय एक व्हॅक्यूम ब्रेकर. पंप बंद झाला, हौदाकडे पाणी मागे ओढलं गेलं की भांड्यात पोकळी होते. एफआरपी आतला दाब सोसतं, बाहेरचा सोसत नाही. चेमटतं.

पाण्याचा_हिशेब

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर: गरम पाणी पातळ असतं, वाळूला कमी उचलतं. २० अंशांच्या पाण्यावर काढलेला बॅकवॉशचा आकडा ३५ अंशांच्या पाण्याला साधारण पाव भाग कमी पडतो. मी वर ३६ धरला तो त्यासाठीच. कॅटलॉगमध्ये ३० लिहिलेलं असतं ते थंड मुलखाचं.

बॅकवॉश कधी करायचा हे वारावर ठरवू नका. आत आणि बाहेर असे दोन प्रेशर गेज लावा. नव्या वाळूवर फरक किती येतो ते भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. त्यापेक्षा ०.५ किलो वाढला की धुवा. गाळ कमी असला तरी आठवड्यातून एकदा धुवाच, उन्हाळ्यात वाळूत शेवाळी चिकट थर धरतो.

पाणी_वाचवा_सोलापूर

हे सगळं ठीक आहे, पण पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दर आठवड्याला दीड हजार लिटर गटारात घालायचं? हे पटत नाही.

पाण्याचा_हिशेब

प्रश्न रास्त आहे. आकडा बघू. एक भांडं मिनिटाला ७८ लिटरने १० मिनिटं, ७८० लिटर. दोन्ही मिळून १,५६० लिटर. आठवड्याचा वापर ५६,०००. म्हणजे पावणेतीन टक्के.

पण ते गटारात घालायचं कुणी सांगितलं? वाळूच्या फिल्टरचं धुणं म्हणजे तेच पाणी आणि त्यातला गाळ. २,००० लिटरची एक जुनी टाकी खाली ठेवा, त्यात सोडा. रात्रभरात गाळ बसतो, वरचं पाणी पार्किंग धुवायला, झाडांना, फ्लशला. टाकीचा आउटलेट तळापासून वीतभर वर काढा आणि गाळ उपसायला तळाला वेगळा कॉक द्या. एकच पथ्य: हे पाणी परत हौदात नाही, वाळूने अडवलेले जंतू त्यात एकवटलेले असतात.

वेळ कमी करून पाणी वाचवायला जाऊ नका. दोन मिनिटांत गाळ वाळूतून सुटतो आणि भांड्याच्या वरच्या भागात तरंगतो. तिथेच पंप बंद केला तर तो परत खाली बसतो. अर्धवट बॅकवॉश म्हणजे पाणीही गेलं आणि फिल्टरही तसाच.

आणि नळ आला की पहिली ५-१० मिनिटं पाणी हौदात घेऊच नका. रिकाम्या पडलेल्या लाइनमधली सगळी घाण त्या पहिल्या लोटात असते. हौदाच्या तोंडाशी टी आणि दोन कॉक, एवढ्याने फिल्टरवरचा बराच भार उतरतो.

लॉज_सातरस्ता

आमच्याकडे गाळाचा त्रास नाही, वासाचा आहे. उजनी धरणाचा साठा मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यात, गेला की पाण्याला मातकट, शेवाळासारखा वास येतो, गिऱ्हाईक तक्रार करतं. ३० खोल्या, रोज १०,००० लिटर. कार्बनने जाईल का?

पाण्याचा_हिशेब

जाईल, पण कार्बन भरपूर लागेल आणि पाणी सावकाश जायला हवं. क्लोरीन काढायला कार्बनशी मिनिट-दोन मिनिटांचा संपर्क पुरतो. शेवाळाच्या वासाला १० मिनिटांच्या आसपास धरा. तासाला १ घनमीटर पाणी दहा तास चालवलं तर दहा मिनिटांना १६५ लिटर कार्बन, वजनात ८०-८५ किलो. तासाला ३ घनमीटर चालवायचं म्हटलं तर तिप्पट. म्हणून लहान पंप, जास्त तास. नारळाच्या करवंटीचा, आयोडीन व्हॅल्यू (शोषून घ्यायची ताकद) ९०० च्या वरचा घ्या आणि गोणीबरोबर चाचणीचा कागद मागा. आधी सँड फिल्टर हवाच, नाहीतर गाळच कार्बनची भोकं बुजवतो.

भरण्याआधी २४ तास पाण्यात भिजवा. कोरडा कार्बन हवेने भरलेला असतो, पहिल्याच बॅकवॉशला तरंगून बाहेर जातो.

१२ फ्लॅटवाल्यांनी मात्र कार्बनचं भांडं घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कार्बन पाण्यातलं क्लोरीन खातो आणि पुढे गच्चीतलं पाणी उघडं पडतं. त्यात पाणी एक-दोन दिवस उभं राहिलं की आत जंतू वाढतात, सडक्या अंड्याचा वास येतो. प्यायच्या नळापुरती घराघरात कार्बनची कांडी पुरे.

लॅब_ताई

लॉजवाल्यांनी कार्बननंतरच्या टाकीत क्लोरीन परत द्यायचं. ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला ३ ग्रॅम, बादलीत कालवून, निवळ तेवढी ओतायची. अर्ध्या तासाने शेवटच्या मजल्यावरच्या नळाला तपासा, ०.२ मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे. उघडी राहिलेली, ओल धरलेली पावडर निम्म्या ताकदीचीही नसते, म्हणून ग्रॅमवर नाही, तपासणीवर विश्वास ठेवा.

विजापूररोड_१२फ्लॅट

कार्बन रद्द. आता सॉफ्टनर. १०० लिटर रेझिन बरोबर आहे का? आणि मीठ किती लागेल? विक्रेता म्हणतो महिन्याला दोन गोण्या.

पाण्याचा_हिशेब

करून बघू. रोज ८,००० लिटर, हार्डनेस ६२० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ४.९६ किलो हार्डनेस काढायचा. रेझिनला लिटरमागे १५० ग्रॅम मीठ दिलं तर एका लिटरची प्रत्यक्ष क्षमता ५० ग्रॅम धरावी. १०० लिटर म्हणजे ५ किलो. रोज एक रिजनरेशन (मिठाने रेझिन पुन्हा ताजं करणं), रोज १५ किलो मीठ, महिन्याला ४५० किलो. ५० किलोच्या नऊ गोण्या. दोन गोण्यांत भागत असेल तर बाकीचे दिवस जडच पाणी जातंय.

पण सगळं पाणी शून्यावर आणायची गरजच नाही. ७० टक्के सॉफ्टनरमधून आणि ३० टक्के बायपासने सोडा, मिश्रणाचा हार्डनेस १८६. गिझरला, शॉवरला, धुण्याला एवढं पुष्कळ. मीठ रोज साडेदहा किलो. नळाचं पाणी मिसळलेलं असेल तर आणखी खाली, म्हणून ताईंनी सांगितलेले दोन नमुने आधी. ते आल्याशिवाय सॉफ्टनरची ऑर्डर देऊ नका.

रिजनरेशन असं: बॅकवॉश १० मिनिटं, रेझिन फार वर उठू न देता. मग मिठाचं पाणी. साचलेलं पूर्ण संपृक्त मीठपाणी लिटरला ३१५ ग्रॅमच्या आसपास मीठ धरतं, म्हणजे १५ किलोला ४८ लिटर. इजेक्टर (मीठपाणी ओढून घेणारा भाग) ते ८-१० टक्क्यांवर पातळ करून ओढतो, अर्धा तास तरी रेझिनमधून सावकाश जायला हवं. घाईने १० मिनिटांत ओढलं तर मीठ तेवढंच जातं आणि क्षमता येते निम्मी. त्यानंतर त्याच संथ वेगाने पाणी, मग जोरात, आउटलेटचं खारटपण जाईपर्यंत. मीठ जाड, स्वच्छ खड्याचं. मातीचं मीठ इजेक्टरचं बारीक भोक बुजवतं. आयोडीनयुक्त जेवणाचं मीठही नको, गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात घातलेली द्रव्यं नको असतात.

लॅब_ताई

सॉफ्टनर टीडीएस कमी करत नाही, हे इमारतीतल्या सगळ्यांना सांगा. कॅल्शियम, मॅग्नेशियम जातं, त्या जागी सोडियम येतं. १०० हार्डनेसमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम. ६२० पूर्ण काढला तर लिटरला २८५ मिलिग्रॅमची भर. रक्तदाबाचे पेशंट असलेल्या घरांनी हे पाणी तसंच पिऊ नये.

आणि रिजनरेशनचं सांडपाणी झाडांना नाही, बोअरजवळच्या शोषखड्ड्यात तर मुळीच नाही. काळ्या मातीत सोडियम गेलं की ती चिकटून घट्ट होते, पाणी जिरतच नाही. शोषखड्ड्यातून तेच मीठ पुढच्या वर्षी तुमच्याच बोअरमध्ये येईल. काही लोक वाळूचं धुणं आणि सॉफ्टनरचं धुणं एकाच टाकीत घ्यायचा सल्ला देतात, तो ऐकू नका. त्यांच्या नळ्या वेगळ्याच ठेवा.

इलेक्ट्रॉनिक_बघितला

पाइपाला गुंडाळायचा इलेक्ट्रॉनिक किंवा चुंबकाचा कंडिशनर? मीठ नाही, सांडपाणी नाही म्हणतात.

लॅब_ताई

आधी आणि नंतरच्या पाण्याचा हार्डनेस तपासून बघा, आकडा तोच येतो. काहीही काढलं जात नाही. ६२० हार्डनेसला त्याच्या भरवशावर गिझर सोडू नये.

टॉवेल_प्रोसेस

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलची रंगाई आहे. तासाला १० घनमीटर, दिवसाला ८ तास, हार्डनेस ५००. ४०० लिटर रेझिन. दुपारनंतरच्या लॉटला शेडमध्ये डाग आणि फरक येतो. सकाळचा माल उत्तम.

पाण्याचा_हिशेब

रोज ८० घनमीटर गुणिले ५००, म्हणजे ४० किलो हार्डनेस. ४०० लिटर रेझिनची क्षमता २० किलो. चार तासांत संपतं. दुपारनंतर तुम्ही जड पाण्यात रंगवताय, शेड हलणारच. दुपारी रिजनरेशन किंवा जोड भांडं, दुसरा मार्ग नाही. एका वेळचं मीठ ६० किलो.

तपासणी लॉटच्या आधी, लॉटनंतर नाही. नमुन्यात बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक-टी टाका: निळा आला तर पाणी सॉफ्ट, लालसर जांभळा आला तर रेझिन संपलं. आउटलेटला पाणी मोजायचं मीटर लावा आणि ३६ घनमीटरला अलार्म, ४० ची वाट बघू नका.

एक बारकावा रंगाईवाल्यांसाठी. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो, बायकार्बोनेट तसंच ठेवतो. गरम केल्यावर त्याचं कार्बोनेट होतं आणि पाण्याचा पीएच आपोआप चढतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग मग सोडा अ‍ॅश घालायच्या आधीच धाग्याला पकडायला लागतो, असमान. हार्डनेस शून्य असूनही टॉवेलवर ढग येत असतील तर अल्कलिनिटी तपासा, बाथमध्ये मोजून असेटिक अ‍ॅसिड द्या.

टॉवेल_प्रोसेस

मीटरचं पटलं. रेझिन उघडून बघितलं तर तांबूस झालंय, मूळचा पिवळसर रंग राहिला नाही. बदलावं का?

पाण्याचा_हिशेब

लगेच नको. ते लोह आहे, बहुतेक जुन्या जीआय लाइनचं किंवा केसिंगचं. तुमच्याकडे हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) असतंच. आधी नीट बॅकवॉश, मग हायड्रोचं ४ टक्के द्रावण भांड्यात भरून तासभर भिजू द्या, मग भरपूर धुवा आणि दुप्पट मिठाने रिजनरेशन. त्या दिवशीचं पाणी मशीनला जोडू नका, उरलेलं हायड्रो रंग उतरवेल. तीव्र वास येतो, दारं उघडी ठेवा. हायड्रोचा डबा ओल्या जागी उघडा ठेवू नका, थोडं पाणी लागलं तरी पावडर तापून पेट घेते. नेहमी पाण्यात पावडर टाकायची, पावडरवर पाणी नाही.

धुतल्यावरही क्षमता निम्म्यावर असेल, किंवा बोटांत चिरडल्यावर मणी पिठासारखे होत असतील तर बदला. असे मणी बहुतेक क्लोरीनने खाल्लेले असतात.

हे सांडपाणी इतर एफ्लुएंटबरोबरच, एमपीसीबीच्या (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रात टीडीएसची अट काय आहे ते बघून.

हौद_आणि_गच्ची

१० इंची बसवला. बादली ३४ सेकंद. पण रोज पंप सुरू झाल्यावर पहिला मिनिटभर गच्चीत पिवळट पाणी येतं, मग नितळ. बॅकवॉश कालच केला.

प्लंबर_अण्णा

रिन्स केलं नसेल. बॅकवॉशनंतर थेट फिल्टरवर आणलं की खालच्या खडीतलं गढूळ पाणी आधी वर जातं. पंप बंद, मूठ रिन्सवर, ३ मिनिटं गटारात, पंप बंद, मग फिल्टर. तरी रोज येत असेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही. पंप थांबल्यावर गच्चीच्या पाइपातलं पाणी उलटं खाली येऊन वाळू ढवळतं. व्हॉल्व्ह उघडून आतल्या फ्लॅपखाली खडा अडकलाय का बघा.

हौद_आणि_गच्ची

रिन्स करतोच. व्हॉल्व्ह उघडला, फ्लॅपच्या रबराला चीर होती. ३४ सेकंदांत काही बदल करायचा का?

प्लंबर_अण्णा

नको, मिनिटाला ३५ लिटर झाले, पुरेसे आहेत. रबर बदला, व्हॉल्व्हवरचा बाण गच्चीकडे आहे ना ते बघून बसवा.